नाशिक, किनारा आणि चैत्राची हवा : एका पसरलेल्या समजाचा प्रतिवाद

फाल्गुन सरत आला की नाशिक परिसरात एक मजकूर मोबाइलवरून हातोहात पसरतो. त्याचा आशय असा : समुद्र जवळ असला की वसंतात हवा सौम्यच राहते, किनाऱ्यावर मार्चमध्ये उष्णतेची लाट येऊ शकत नाही आणि हवामान विभाग ३७ अंशांनाच लाट म्हणतो, तेव्हा ती उगाच घातलेली भीती आहे, नाशिक समुद्रापासून सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आणि शिवाय उंचावर असल्यामुळे येथे उष्णता आणि गारा यांपासून दुहेरी संरक्षण आहे, तरीही गारा पडल्या, तर त्या ढगांवर रसायने फवारून पाडलेल्या असतात, म्हणून द्राक्षबागाईतदारांनी घाई न करता पाडव्यानंतरच घड उतरवावेत. या शेवटच्या सल्ल्यापायी वर्षभराचे पीक पणाला लागते, म्हणून त्यामागचे प्रत्येक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

समुद्र हवा सौम्य ठेवतो हे सरासरीपुरते खरे आहे. पाणी हळू तापते आणि हळू निवते, त्यामुळे मार्चमध्ये मुंबईच्या दिवसरात्रीच्या तापमानातील फरक नाशिकपेक्षा बराच कमी असतो. मात्र हा गारवा किनाऱ्यावर पोहोचवतात ते खारे वारे. रात्री आणि सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहत असतात. जमीन तापली की दुपारच्या सुमारास दिशा पालटते. पूर्वेकडील वारे जोरकस असतील त्या दिवशी हा पालट दोन-तीन तास लांबतो, आणि तेवढ्या अवधीत पारा चाळिशी गाठू शकतो. मुंबईतील सांताक्रूझ येथे २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश सेल्सिअस आणि १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंश तापमान नोंदले गेले होते. हे उच्चांक मे महिन्यातले नाहीत, याचे कारणही वाऱ्यातच आहे : मेमध्ये किनाऱ्यावर पश्चिमेचे वारे बरेचसे स्थिरावलेले असतात, तर मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेच्या वाऱ्यांना अजून वाव असतो.

ही पूर्वेची हवा येते कोठून, हे नाशिककरांनी तरी विसरू नये. ती आपल्याच पठारावरून येते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. कोरडी हवा खाली उतरू लागली की वाढत्या दाबामुळे आकसते आणि दर १०० मीटरला सुमारे एक अंश तापते. म्हणजे पठारावर दुपारी ३५-३६ अंशांची असलेली हवा, वाटेत दुसऱ्या हवेत न मिसळता सह्याद्री उतरून किनाऱ्याच्या पातळीला आली, तर ती ४१-४२ अंशांची होते. वरचे उच्चांक याच पट्ट्यातले आहेत. ज्या घाटामुळे नाशिकला उंचीचा गारवा मिळतो, त्याच घाटाच्या उतारावर किनाऱ्याची लाट तापते. मजकूर लिहिणाऱ्याने घाट पाहिला तो एकाच बाजूने.

३७ अंशांचा आक्षेप तर निकष अर्धाच वाचल्यामुळे निघालेला आहे. किनाऱ्यासाठी कमाल तापमान ३७ अंश किंवा त्याहून अधिक असावे लागते, आणि त्याच वेळी ते सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त असावे लागते. शिवाय एका हवामान उपविभागातील किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस तशी नोंद झाली, तरच लाट जाहीर होते. मैदानी भागासाठी हीच मर्यादा ४० अंशांची आहे. दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीराला उष्णता बाहेर टाकणे अवघड जाते, म्हणून किनाऱ्यावरची मर्यादा खाली ठेवणे योग्यच आहे.

नाशिकच्या दुहेरी संरक्षणाविषयी फार लिहावे लागणार नाही, कारण मालेगाव याच जिल्ह्यात आहे. उन्हाळ्यात तेथे पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांपलीकडे जातो हे प्रत्येकाला माहीत आहे. समुद्राची हवा घाट चढून पठारावर पोहोचेपर्यंत दिवस कलतो. तोवर दिवसाचे कमाल तापमान नोंदले गेलेले असते. संध्याकाळी अंगणात जाणवणारा पश्चिमेचा वारा सुखद असतो, पण दुपारच्या उन्हावर त्याचा उपाय चालत नाही. गोदावरी, कादवा आणि गिरणा यांची खोरी पूर्वेकडे उतरत जातात आणि त्याच बाजूला मोकळी आहेत, म्हणून खोऱ्यातून खाली जावे तसा समुद्राचा प्रभाव विरत जातो.

गारांचे विधान मला सर्वांत घातक वाटते. समुद्र जवळ म्हणून गारा नाहीत, हे तर्काला धरून नाही, कारण गारांच्या ढगाला लागणारे बाष्प समुद्रच पुरवतो. वसंतात अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर या दोन्हींकडून आलेली दमट हवा पठारावर एकत्र येते, खालून जमीन तापलेली असते आणि वर पश्चिमी विक्षोभाबरोबर, म्हणजे पश्चिमेकडून उत्तर भारतात येणाऱ्या कमी दाबाच्या प्रणालीबरोबर, थंड, कोरडी हवा शिरते. त्यामुळे हवा जोराने वर उसळते, पाण्याचे थेंब गोठणबिंदूच्या पातळीपलीकडे नेले जातात आणि त्यांवर बर्फाचे थर चढतात. किनाऱ्यावर मात्र समुद्रावरून आलेल्या थंड थरावर उबदार, कोरड्या हवेचे झाकण असते. ढग त्याला भेदून वाढू शकत नाहीत, म्हणून कोकणपट्टीत गारा क्वचित पडतात. समुद्राचे संरक्षण म्हणतात ते हे, आणि ते सह्याद्रीच्या पश्चिमेलाच संपते. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीस आणि मार्चमध्ये महाराष्ट्रभर झालेल्या गारपिटीत नाशिक जिल्ह्यातील द्राक्षे, कांदा आणि डाळिंब झोडपले गेले, हे अजून कोणी विसरलेले नाही.

फवारणीचा आरोप इतिहासापुढे टिकत नाही. ३० एप्रिल १८८८ रोजी मुरादाबाद येथे गारांनी २४६ माणसे दगावली, तेव्हा विमानाचा शोधही लागलेला नव्हता. आपल्याकडे वऱ्हाड-नागपूर भागात गावावरच्या गारा टाळण्यासाठी गारपगारी नेमलेला असे; संकट मुळातच जुने नसते, तर गावगाड्यात त्यासाठी वेगळा माणूस कशाला लागला असता? ढगांत रसायनांचे कण सोडण्यासाठीही, म्हणजे बीजारोपणासाठीही, ढग आधीपासून असावा लागतो, आणि महाराष्ट्रातील असे प्रयोग पावसाळ्यात पाऊस वाढवण्यासाठी झालेले आहेत. चैत्रातल्या दुपारी काही तासांत आभाळभर चढणारा वादळी ढग त्यातून घडवता येत नाही.

राहिला पाडव्याचा सल्ला. घड केव्हा उतरवायचे हे मण्यातील गोडी, बाजार आणि पुढील चार-पाच दिवसांचा अंदाज यांवर ठरते. पंचांगातील तिथीला त्यात स्थान नाही. गारा नेमक्या कोणत्या शिवारात पडतील हे आधी सांगता येत नाही, पण जिल्ह्यासाठीचा इशारा काही दिवस आधी आणि रडारवरून दिलेली सूचना काही तास आधी मिळते. माल तयार असेल, सकाळपासून हवेत दमटपणा वाढला असेल आणि इशारा आलेला असेल, तर उतरवण्याजोगे घड त्याच दिवशी उतरवावेत आणि उरलेल्या बागेवर आच्छादन असेल तर ते दुपारपूर्वी ओढून घ्यावे.