मॅग्नेट जड म्हणून वूफर भारी? एका फिरत्या निरोपाची झाडाझडती

जुने स्पीकर, त्यातही खालचे स्वर म्हणजे बास वाजवणारे वूफर, जमवणाऱ्यांमध्ये एक निरोप पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा : 'जुना वूफर ओळखणं सोपं आहे. मागचा तीन आकडी नंबर म्हणजे वॅट. हातात घ्या, जितका जड तितका भारी. मॅग्नेटला स्क्रूड्रायव्हर लावा, चिकटला नाही तर मॅग्नेट मेलेला. अल्निको असेल तर डोळे मिटून घ्या, काळं फेराइट म्हणजे नंतरचा स्वस्त माल. कडेचा फोम गेला असेल तर भंगारात.' (अल्निको म्हणजे अॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट असलेल्या मिश्रधातूचा मॅग्नेट, फेराइट म्हणजे सिरॅमिकचा.) चोरबाजारात उभ्या उभ्या सौदा करणाऱ्याला असं काहीतरी हवंच असतं, म्हणून ते पसरतं. पण यातलं एकही वाक्य जसंच्या तसं टिकत नाही.

आधी नंबर, कारण तो लगेच निकालात निघतो. अमेरिकन वूफरच्या चॅसिसवर, म्हणजे धातूच्या सांगाड्यावर, किंवा मॅग्नेटच्या कडेला ठोकलेला हा आकडा कारखान्याचा असतो. तिथल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने, म्हणजे ईआयएने, प्रत्येक उत्पादकाला एक क्रमांक दिला होता. 220 जेन्सनचा, 137 सीटीएसचा, 465 ऑक्सफर्डचा, 328 यूटाचा, 391 अल्टेक लान्सिंगचा, 67 एमिनन्सचा. त्यापुढे वर्ष आणि शेवटी आठवडा. म्हणजे 1376532 हा सीटीएसने 1965च्या 32व्या आठवड्यात, ऑगस्टमध्ये बनवलेला स्पीकर. '465 वॅटचा ऑक्सफर्ड' म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर त्याला शांतपणे विचारावं की तो चालवणारा अॅम्प्लिफायर त्या काळी कुणाच्या घरी होता.

अर्थात या कोडलाही डोक्यावर घेऊ नये. पुष्कळदा वर्षाचा एकच अंक असतो. 220632 मधलं 6 हे 1946, 1956 की 1966? हे मॅग्नेट आणि मॉडेल नंबर बघितल्याशिवाय कळत नाही. जेन्सनच्या नावात पहिलं अक्षर एफ असेल तर फील्ड कॉइल (कायम मॅग्नेटऐवजी विजेवर चालणारा चुंबक), पी असेल तर अल्निको, सी असेल तर सिरॅमिक म्हणजेच फेराइट. पुढचा आकडा इंचाचा. पी12आर आणि सी12आर यांतला फरक तिथेच उघडा पडतो. शिवाय कोडवरून चॅसिसचं वय कळतं, कोनचं, म्हणजे हलणाऱ्या कागदी शंकूचं, नाही. मधे कधी रिकोनिंग झालं, म्हणजे कोन बदलला, असेल तर साठ वर्षांच्या चॅसिसमध्ये पाच वर्षांचा कागद बसलेला असतो. आणि ही पद्धत अमेरिकेची. आपल्याकडे हाताला जास्त लागणाऱ्या फिलिप्सची भाषा वेगळी आहे : एडी 8060/डब्ल्यू8 यात 8 हा इंच, डब्ल्यू म्हणजे वूफर आणि शेवटचा 8 म्हणजे ओहम. डब्ल्यूच्या जागी एम असेल तर तो दुहेरी कोनचा, सगळे स्वर एकट्याने वाजवणारा फुलरेंज, वूफर नव्हेच.

आता वजनाचं. या निरोपातलं हे सगळ्यात महागात पडणारं वाक्य. मॅग्नेट मोठा म्हणजे बास मोठा, असा त्यामागचा हिशेब. अल्टेकचा 515 घ्या. 1945च्या सुमारास 'व्हॉइस ऑफ द थिएटर' या सिनेमागृहाच्या सिस्टिमसाठी बनलेला हा 15 इंची वूफर. हलका कोन, जोरदार मॅग्नेट. थोड्या वॅटमध्ये अख्खं थिएटर भरायचं हे त्याचं काम, आणि त्यासाठी त्याच्यापुढे कपाटाएवढं हॉर्नचं (भोंग्याच्या आकाराचं) कॅबिनेट. तोच वूफर दिवाणखान्यातल्या छोट्या बंद पेटीत बसवा, बास गायब. मॅग्नेट कोनला इतका आवळून धरतो की खालचे स्वर दबतात. याच्या नेमकं उलट टोक म्हणजे 1954चा एआर-1 हा स्पीकर. एडगर विल्चर यांनी कोनला आधार देणारी यांत्रिक स्प्रिंग मुद्दाम ढिली ठेवली आणि तिचं काम बंद पेटीतल्या हवेकडे दिलं. हवेची स्प्रिंग कापडाच्या आणि कागदाच्या घड्यांपेक्षा जास्त एकसारखी वागते, त्यामुळे खालच्या स्वरांतली विकृती घटली आणि पेटी शेल्फवर मावेल एवढी झाली. विल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला काढलेली अकॉस्टिक रिसर्च कंपनी याच कल्पनेवर उभी राहिली. तो 12 इंची वूफर पेटीबाहेर काढून हातात धरला तर कोन लुळा वाटतो, आणि न जाणणारा तो 'सैल झालाय' म्हणून परत ठेवतो. हातात धरून या दोघांत डावं-उजवं करणारा तराजू अजून निघालेला नाही.

स्क्रूड्रायव्हरची परीक्षा तर नेमकी उलटी फसवते. पुष्कळ अल्निको वूफरमध्ये मॅग्नेटचा ठोकळा पोलादी वाटीच्या आत मधोमध असतो. चुंबकीय रेषा त्या वाटीतूनच फिरून गॅपमध्ये, म्हणजे कोनला जोडलेली तारेची कॉइल हलते त्या फटीत, येतात, बाहेर फारशा सांडत नाहीत. स्क्रूड्रायव्हर मागे लावला तर जेमतेम ओढ जाणवते. फेराइटचं कडं मात्र दोन पोलादी चकत्यांच्या मधे उघडंच बसलेलं असतं, त्यामुळे ते स्क्रूड्रायव्हर, स्क्रू, टेबलावरची टाचणी, सगळं ओढतं. म्हणजे या परीक्षेत निरोपाचा लाडका अल्निकोच नापास! त्यापेक्षा साधी युक्ती : कोन बोटांनी दोन्ही बाजूंनी सारखा, हलकेच दाबून बघा. मग दोन्ही टर्मिनल वायरच्या तुकड्याने जोडा आणि पुन्हा दाबा. कॉइल आणि मॅग्नेट दोन्ही शाबूत असतील तर दुसऱ्या वेळी मधात बोट फिरवल्यासारखा अडसर जाणवतो.

'अल्निको चांगलं, फेराइट स्वस्त' या वाक्यात अर्धं सत्य आहे, आणि ते किमतीपुरतं आहे. अल्निकोत कोबाल्ट लागतं. 1978मध्ये झैरेच्या (आताच्या काँगोच्या) शाबा प्रांतात, कोलवेझीच्या खाणपट्ट्यात बंडखोर घुसले आणि कोबाल्टचे भाव भडकले. जेबीएलसारख्या कंपन्या फेराइटकडे वळल्या त्या या धक्क्यानंतर. पण वळताना जेबीएलने मधल्या पोलादी खांबाचा आकार बदलून गॅपच्या वर आणि खाली चुंबकीय क्षेत्र सारखं राहील अशी रचना केली, म्हणजे विकृती कमी करण्यासाठी डोकं लावलं. त्यांच्या वूफरपैकी 2231ए अल्निको, 2231एच फेराइट. आणि पुढे 4430 या स्टुडिओ मॉनिटरमध्ये बसलेला 2235एच फेराइटच. त्याला 'स्वस्त माल' म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, मला कमी भावात मिळेल. अल्निकोचं एक दुखणं मात्र निरोप सांगत नाही : कॉइलमधून फार मोठा प्रवाह गेला किंवा मॅग्नेटची जोडणी उघडली तर ते ताकद गमावतं. पुन्हा चार्ज करता येतं, पण त्याचं यंत्र कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे नसतं.

राहिला फोम. पॉलियुरेथेनचा फोम पंधरा-वीस वर्षांत भुगा होतो, मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्याहून लवकर. त्यात वूफरचा दोष नाही. कोन आणि कॉइल धड असतील तर कडा बदलून तो पुन्हा वाजतो. नवी कडा मात्र नुसती इंचावर घेऊ नये, तिचा मऊपणाही जुन्याशी जुळला पाहिजे. एआरच्या सुरुवातीच्या 12 इंची वूफरना तर फोम नव्हताच, लेप दिलेलं कापड होतं. लेप वाळून कापडातून हवा झिरपायला लागते, आणि माणसं ते चांगलं कापड ओरबाडून फोम चिकटवतात. आधी वूफर पेटीत घट्ट बसवा, कोन अलगद आत दाबा आणि सोडा. सावकाश, सेकंदभर घेत बाहेर आला तर पेटी हवाबंद आहे. झटकन उसळला तर हवा कुठून तरी निसटते आहे. तेव्हा आधी गास्केट (वूफर आणि पेटी यांच्यामधली हवा अडवणारी पट्टी) आणि कापडाचा लेप तपासावा, कात्री नंतर.