'परवानगी द्या' दाबलं म्हणजे संमती मिळाली का? बेळगावातल्या शहापूरच्या वाचकांना उत्तर

नमस्कार. दुकानाच्या आसपास असलेल्यांना मोबाइलवर जाहिरात दाखवण्याबद्दलच्या लेखावर तुम्ही सडेतोड लिहिलंत, बरं केलंत. तुमचं म्हणणं असं की गिऱ्हाईक दुकानाचं अ‍ॅप घेताना लोकेशनची परवानगी स्वतःच देतं, मग वेगळी संमती कशाला? आणि असलं वाचून साडीचा छोटा दुकानदार जाहिरात करायलाच घाबरतो.

आधी दुसरा मुद्दा घेतो, कारण तिथे घाबरण्यासारखं काही नाही. गूगल किंवा फेसबुकवर दुकानाभोवती २५ किलोमीटरचं वर्तुळ टाकून जाहिरात दिलीत, तर कोण कुठे आहे हे त्या कंपनीला ठाऊक असतं, तुम्हाला नाही. तुमच्या हाती किती जणांनी पाहिली, किती जणांनी दाबली एवढेच आकडे येतात. त्यासाठी गिऱ्हाइकाकडे लोकेशन मागायचा प्रश्नच येत नाही. आपल्याकडे पैसे वाया जातात ते निराळ्या कारणाने. वर्तुळ टाकायचं सोडून 'कर्नाटक' निवडलं, की महाराष्ट्रातल्या शिनोळी-चंदगडहून लग्नाचा बस्ता बांधायला येणारी माणसं हद्दीपलीकडची म्हणून सुटतात आणि जाहिरात बिदरला दिसत राहते. गूगलवर 'या ठिकाणी असणारे किंवा नेहमी येणारे' हाच पर्याय घ्या. आधीपासून लावून ठेवलेल्या पर्यायात बेळगावबद्दल नुसतं शोधणारा मुंबईचा माणूसही धरला जातो. भाषाही फक्त मराठी ठेवू नका. घरात मराठी बोलणाऱ्या कितीतरी जणांचा फोन इंग्रजीत असतो.

संमती लागते ती तुम्ही स्वतः माहिती जमवता तेव्हा. फॉल-पिको झालं की कळवा म्हणून ताईंनी वहीत नंबर लिहून दिला. तोच नंबर यादीत टाकून जाहिरातीसाठी गूगल-फेसबुकवर चढवला, की कारण बदललं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती सांगितलेल्या कारणापुरती आणि त्या कारणाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती असते. कायद्यातलंच उदाहरण पाहा: फोनवरून डॉक्टरी सल्ला देणाऱ्या अ‍ॅपने फोनमधल्या नंबरांची यादीही मागितली आणि बाईंनी दोन्हीला हो म्हटलं, तरी संमती सल्ल्यापुरतीच धरली जाते.

तुमच्या पहिल्या मुद्द्याचं उत्तर त्यातच आहे. अँड्रॉइडची चौकट 'या अ‍ॅपला लोकेशन वाचू द्यायचं का' एवढंच विचारते. कशासाठी, पुढे कोणाला देणार, यातलं ती काही सांगत नाही. घरपोच पार्सलचा पत्ता सापडावा म्हणून दाबलेलं 'अ‍ॅप वापरताना' जाहिरातीला चालत नाही. त्या चौकटीच्या आधी तुमचा स्वतःचा मजकूर हवा, साधारण असा:

'तुम्ही दुकानापासून २ किलोमीटरच्या आत असाल तेव्हा नव्या मालाचा मेसेज पाठवण्यासाठी आम्ही तुमचं अंदाजे ठिकाण वापरू. ते ७ दिवसांनी पुसलं जाईल. नको असेल तर "नको" दाबा. बिल आणि ऑर्डर तशीच चालू राहील.'

खाली संमती मागे घ्यायची आणि डेटा संरक्षण मंडळाकडे तक्रार करायची वाट द्या. 'हो' आणि 'नको' ही दोन्ही बटणं सारख्या आकाराची ठेवा, आधीच टिक केलेला चौकोन नको. संमती देणं जितकं सोपं, मागे घेणंही तितकंच सोपं असावं लागतं. आणि हे आपल्या भागासाठी फार मोलाचं: हा मजकूर इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागतो. मराठी, कन्नड, कोकणी तिन्ही त्यात आहेत. फक्त इंग्रजी मजकूर ठेवून गावातल्या आजीकडून 'हो' घेणं मला मुळातच पटत नाही. वाद झाला तर संमती घेतली होती हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. म्हणून तारीख, वेळ, भाषा आणि त्या दिवशीचा मजकूर जपून ठेवा. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, संमतीच्या तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७. अठराच्या आतल्या मुलांवर रोखलेल्या जाहिराती आणि त्यांचा माग काढणं, दोन्हीला मनाई आहे.

'२ किलोमीटर आणि अंदाजे' मुद्दाम लिहिलंय. अँड्रॉइड १२ पासून गिऱ्हाईक 'अंदाजे' निवडू शकतं. तेव्हा फोन साधारण ३ चौरस किलोमीटरचा भाग दाखवतो. तुमचं कुंपण (नकाशावर आखलेली हद्द, जिच्यात फोन शिरला की मेसेज सुटतो) ५० मीटरचं असेल, तर अशा फोनवर ते निरुपयोगी. अचूक परवानगी असली तरी १०० ते १५० मीटरच्या खाली जाऊ नका, दाटीच्या गल्लीत जीपीएस शेजारच्या गल्लीत उडी मारतं. नुसतं कुंपणात शिरल्यावर मेसेज सोडला, तर बसमधून पुढे जाणाऱ्यालाही जातो. किमान ५ मिनिटं थांबल्यावरच जाईल असं लावा. अक्षांश-रेखांश साठवायचेच असतील तर दशांशानंतर दोनच आकडे ठेवा, तो साधारण एक किलोमीटरचा अंदाज होतो. पाच आकडे म्हणजे जवळपास एक मीटर. रात्रीच्या नोंदी पाहिल्या की माणसाचं घर सापडतं.

दवाखान्याभोवती तर कुंपण घालूच नका. २०१७ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या महान्यायवादींनी कॉप्ली अ‍ॅडव्हर्टायझिंग या जाहिरात कंपनीला याच कारणासाठी अडवलं: गर्भपात केंद्रांजवळ आलेल्या बायकांच्या फोनवर ते जाहिराती पाठवत होते. बायकांचा जाणता होकार नसताना असा माग काढणं बेकायदेशीर ठरेल, असं महान्यायवादींचं म्हणणं होतं.

अ‍ॅप बाहेरून करून घेतलं असेल तर करणाऱ्याकडून लेखी घ्या: त्यात कोणकोणत्या बाहेरच्या कंपन्यांचा कोड आहे, आणि तो लोकेशन किंवा जाहिरात आयडी (जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळख क्रमांक) कुठे पाठवतो. उत्तर मिळेपर्यंत अ‍ॅपमधली लोकेशनची मागणी बंद ठेवा. वर्तुळाची जाहिरात त्याशिवायही चालते.