खुलासा: मोकळ्या जागेची टक्केवारी भरली म्हणजे निसर्ग वाचला, हे खरं नाही

‘प्रत्येक गृहप्रकल्पाने ठरलेली मोकळी जागा सोडली की पुरे, त्या जागा जोडण्याचे नकाशे म्हणजे कागदी सोपस्कार,’ असा दावा फिरतो आहे. त्यातला हिशेबच चुकीचा आहे.

१०० हेक्टरचं चौरस जंगल घ्या, बाजू १ किलोमीटर. कडेचं ऊन, वारा, तण आणि पाळीव मांजरं १०० मीटर आत शिरतात असं धरलं, तर खरं आतलं रान उरतं ६४ हेक्टर. तेच १०० हेक्टर ४-४ हेक्टरच्या २५ चौरस तुकड्यांत सोडा. प्रत्येकाची बाजू २०० मीटर, आतलं रान शून्य. टक्केवारी मात्र तीच!

म्हणून आधी मोठे गाभे, म्हणजे आतलं रान टिकेल एवढे सलग तुकडे, राखायचे, मग त्यांना जोडणारे ओढ्याकाठचे पट्टे, घरांचे भूखंड शेवटी. क्रम उलटला की निसर्गाच्या वाट्याला येतो पार्किंगमागचा कोपरा.

नकाशावर सलग दिसणारा पट्टाही बऱ्याचदा रस्त्याखालच्या मोरीपाशी तुटतो. अरुंद पाइपातून जोरात पडणारं पाणी खालची माती खरवडतं, पाइपाचं तोंड अधांतरी राहतं आणि मासे वर चढू शकत नाहीत. मोरी ओढ्याच्या पात्राहून रुंद हवी, तिचा तळ पात्राखाली गाडलेला हवा आणि कडेला जनावरांसाठी कोरडा काठ.