नवा पक्षी जुन्याच थव्यात होता

परवा रविवारी सकाळी माझ्या यादीत एक पक्षी वाढला. पिवळ्या डोक्याचा धोबी. पक्षी बघणाऱ्यांना तो दुर्मीळ वाटणार नाही, आणि तो दुर्मीळ नाहीही. पण तो मला दिसला त्या तळ्यावर मी चार वर्षं जाते आहे, म्हणून हे एवढं लांबलचक लिहायला बसले.

फाल्गुनात तळ्याचं पाणी मागे सरकलं की काठाला चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. त्यावर वीस-पंचवीस धोबी शेपट्या वरखाली हलवत किडे टिपत फिरत असतात. हिवाळाभर हेच दृश्य. दुर्बीण एकदा त्यांच्यावरून फिरवायची, वहीत "पिवळा धोबी, २५" लिहायचं आणि पलीकडची बदकं बघायला निघायचं, अशी माझी रीत होती. परवा त्या थव्यातला एक जण माझ्याकडे तोंड करून थांबला. अख्खं डोकं पिवळंधमक. मग तो वळला. मानेमागे काजळाचं बोट ओढावं तसा काळा पट्टा, आणि पाठ राखाडी. पिवळ्या धोब्याची पाठ हिरवट असते. याच्या पंखांवर तर दोन ठळक पांढऱ्या रेघाही होत्या. त्याने चिखलातून एक अळी ओढून काढली, गिळली, आणि पुन्हा बाकीच्या पंचविसांत मिसळून गेला.

सोबत आमच्या गटातले एक काका होते. पस्तीस-चाळीस वर्षं पक्षी बघतायत. मी हळूच विचारलं, "काका, हा कधी आला असेल?"

"अगं, कधी आला म्हणून काय विचारतेस? नोव्हेंबरपासून इथंच असणार. तू आज बघितलंस."

घरी येऊन जानेवारीतले फोटो काढून बसले. त्या वेळी बदकांचे म्हणून काढलेले फोटो, कडेला धोबी आपसूक आलेले. तिसऱ्याच फोटोत तो होता. डोकं तेव्हा पिवळं नव्हतं, पट्टा नव्हता. पण पाठ राखाडीच होती, पंखांवरच्या दोन रेघा होत्या, आणि गालाभोवती फिकट पिवळसर कड पूर्ण गोल फिरलेली होती. हिवाळ्यात ओळखायची खूण तीच. पुस्तकात मी ती दहा वेळा वाचलेली आहे.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळते आहे आणि ती मी अगदी मनापासून सांगते. वसंतात नवे पक्षी बघायचे असतील तर लांब धावण्याआधी जवळच्या, रोजच्या, "हा काय नेहमीचाच" म्हणून सोडून दिलेल्या पक्ष्यांपाशी थांबा. फेब्रुवारी ते मे एकच जागा धरा. तळं असो, ओढा असो, माळ असो. दर आठवड्याला जा आणि तेच पक्षी पुन्हा पुन्हा बघा. मी स्वतः चार वर्षांतले बरेच शनिवार-रविवार दुसऱ्यांनी पाठवलेल्या लोकेशनच्या मागे घालवले आहेत. त्यातून लायफर, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेले पक्षी, मिळाले, नाही असं नाही. पण त्यातले निम्मे आज समोर आले तर मी ओळखू शकेन याची खात्री देत नाही, कारण तिथे पोचल्यावर कुणीतरी बोट दाखवलं होतं. मी फक्त टिक केली.

वसंतच का म्हणते, तेही सांगते. उत्तरेकडे परतणारे पक्षी निघायच्या आधी इथेच कपडे बदलतात. धोबी डोक्याची आणि अंगाची पिसं टाकून नवी घालतो. त्यामुळे हिवाळ्यात एकसारखे दिसणारे पिवळे धोबी मार्च-एप्रिलमध्ये वेगवेगळे दिसू लागतात. कुणाचं डोकं राखाडी, कुणाचं काळं कुळकुळीत, कुणाचं फिकट निळसर आणि वर पांढरी भुवई. एकाच जातीच्या या उपजाती, आणि प्रत्येकीचा जन्मप्रदेश वेगळा. आटत चाललेल्या एका तळ्याच्या काठावर युरोप-आशियाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतले प्रवासी शेजारी-शेजारी चरत असतात. परवाच्या पाहुण्याचीही एक काळ्या पाठीची उपजात हिमालयाच्या उंच भागात घरटी करते.

आणि गंमत म्हणजे सगळेच पक्षी पिसं बदलत नाहीत. काही नुसती झिजवतात! भोरड्यांचं, म्हणजे गुलाबी मैनांचं, बघा. हिवाळ्यात मळकट, कडांना तपकिरी झाक. वसंत येईतो त्या फिकट कडा घासून गेलेल्या असतात आणि खालचा स्वच्छ गुलाबी आणि तुकतुकीत काळा रंग उघडा पडतो. पळस-पांगाऱ्यावर भोरड्यांचा गोंगाट चालू असतो तेव्हा हे नीट बघता येतं, कारण झाडाला पान नसतं. मध्य आशियात टोळ-नाकतोड्यांची चंगळ असते तिथे त्या हजारोंच्या वसाहती करून घरटी करतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये परत इकडे हजर. एवढ्या लवकर परतणारे पाहुणे थोडेच.

हेच झिजणं पाहायला भोरड्यांचीसुद्धा गरज नाही. चिमणा पुरतो. शरद ऋतूत नव्या पिसांच्या टोकांना राखाडी कड असते, त्यामुळे त्याच्या गळ्यावरचा काळा डाग अर्धा झाकलेला असतो. थंडीभर ती टोकं झिजतात आणि वीण सुरू व्हायच्या सुमारास छातीवर काळाभोर डाग दिसू लागतो. मला हे कळलं तेव्हा मी तीस वर्षं चिमण्या पाहिलेल्या होत्या. त्या दिवशी खिडकीतल्या चिमण्याकडे मी पाऊण तास बघत होते. डागाच्या खालच्या कडेला दोन-चार पिसांची राखाडी टोकं अजून शिल्लक होती.

पण झीज प्रत्येक वेळी आपल्या बाजूने नसते. झाडांच्या शेंड्याला पानापानांत भिरभिरणारे पर्ण वटवट्ये घ्या. हिरवट, एवढेसे, क्षणभर एका जागी न बसणारे. त्यांच्या ओळखीला मोठा आधार पंखावरच्या फिकट रेघेचा, आणि वसंतात नेमकी तीच झिजून पुसट होते. कधीकधी दिसतही नाही. मग उरतो आवाज. हिरवट वटवट्या दोन अक्षरी "चिस्-ली" म्हणतो. ह्यूमचा वटवट्या एकच "च्वीइ" ओढतो. ऐकायला सोपं वाटतं, पण कानात बसायला मला दोन हिवाळे लागले. आता निघायच्या दिवसांत ते थोडंफार गायलाही लागलेत. दिवस मोठा होत गेला की त्यांच्या शरीरात वीण हंगामाची तयारी सुरू होते, गळा मोकळा होतो, खाणं वाढतं, कातडीखाली चरबी साठते. प्रवासाचं इंधन तेच.

इथे मला गिल्बर्ट व्हाइट आठवतो. इंग्लंडमधल्या सेलबोर्न गावचा पाद्री. त्याच्या काळी तिथल्या अशाच वटवट्यांना सरसकट एकच नाव होतं. हा गृहस्थ आपल्याच गावात वर्षानुवर्षं फिरत राहिला, ऐकत राहिला आणि १७६८ मध्ये त्याने एका पत्रात लिहिलं की हे तीन वेगळे पक्षी आहेत, कारण तिघांचे आवाज कायम वेगळे असतात. त्याच्याजवळ आजच्यासारखी दुर्बीण नव्हती, रेकॉर्डर नव्हता. विज्ञानाला नीट माहीत नसलेल्या जाती गावाच्या झाडीत रोज ओरडत होत्या आणि त्या सापडल्या त्या रोज तिथून जाणाऱ्या माणसाला. नव्या जातीच्या शोधातली मला माहीत असलेली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच.

कुणी म्हणेल, आता फोनवर आवाज ओळखणारी अ‍ॅप आहेत, एवढं कशाला करायचं? मीही वापरते. अनोळखी आवाज आला की फोन वर धरते, नाव सुचतं, आणि मग तो पक्षी डोळ्यांनी शोधते. शोधूनही नाही सापडला तर यादीत घालत नाही. फोनच्या पडद्यावर नाव उमटलं एवढ्यावर टिक करणं मला पटत नाही. माझ्या शेजारी उभं राहून, मान वरसुद्धा न करता, बारा जाती "मिळवलेले" लोक मी पाहिले आहेत. त्या बारांपैकी त्यांना काय मिळालं?

यादी वाईट असं मी म्हणतच नाही. यादी मलाही प्रिय आहे. जगात पक्ष्यांच्या सुमारे अकरा हजार जाती आहेत. अमेरिकेतल्या फीबी स्नेट्सिंगर या बाईंनी त्यातल्या आठ हजारांहून अधिक पाहिल्या. १९८१ मध्ये त्वचेच्या कर्करोगाचं निदान झाल्यावर त्या जगभर फिरायला निघाल्या आणि १९९९ मध्ये मादागास्करमध्ये, पक्षी बघायच्या दौऱ्यावरच, रस्त्यावरच्या अपघातात गेल्या. मला त्यांचा आकडा थक्क करतोच, पण त्याहून त्यांच्या नोंदी. पक्षी ज्या उपजातीचा असेल तीही त्या लिहून ठेवत. पुढे शास्त्रज्ञांनी एकेका जातीच्या दोन-दोन जाती केल्या तेव्हा त्यांच्या जुन्या नोंदींतून नवे पक्षी निघाले. आपल्या हळद्याचंही तसंच झालं. युरोपातल्या हळद्यापासून तो वेगळा मानला गेला. आपल्याकडच्याची डोळ्यावरची काळी रेघ डोळ्याच्या मागेही जाते, ही त्यातली एक खूण. ज्यांनी दोन्हीकडचे हळदे नीट बघून लिहून ठेवले होते, त्यांना घरबसल्या एक जात मिळाली.

आता जे लिहिते आहे ते लिहिताना अजूनही त्रास होतो. गेल्या वर्षी मेच्या सुरुवातीला एका ओढ्याकाठी स्वर्गीय नर्तकाची जोडी घरटं बांधत असल्याची बातमी फिरली. मी गेले तेव्हा तिथे आधीच पंधरा-वीस जण होते. कुणीतरी स्पीकरवर त्याच पक्ष्याचं गाणं सतत लावून ठेवलं होतं. नराला वाटत होतं की दुसरा नर हद्दीत शिरलाय, म्हणून तो शेपटीची लांब पांढरी फीत फडकवत पुन्हा पुन्हा आवाजाकडे येत होता. कॅमेऱ्यांचा कडकडाट. मादी चोचीत कोळ्याचं जाळं धरून बाजूच्या फांदीवर बसून होती, घरट्यावर यायला धजत नव्हती. घरट्यासमोरच्या दोन डहाळ्या मोडून काढलेल्या दिसल्या, फोटोत आड येत होत्या म्हणून. मी बोलले. तेवढ्यापुरता स्पीकर बंद झाला. आठवड्याने पुन्हा गेले तर घरटं अर्धवट, तसंच सोडून दिलेलं.

वसंत हा पक्ष्यांचा संसाराचा काळ आहे. त्यांचं गाणं लावून त्यांनाच बोलावणं मला अजिबात मान्य नाही, कितीही दुर्मीळ पक्षी असो, कितीही लांबून आलेलो असू. घरट्याचं लोकेशन टाकणंही नाही. ज्यांना हे कठोर वाटतं त्यांनी एकदा ती चोचीत जाळं धरून थांबलेली मादी डोळ्यांसमोर आणावी. दर आठवड्याला एकाच जागी जाणाऱ्याला स्पीकर लागत नाही. पक्षी कुठल्या फांदीवर गातो, किती वाजता पाण्यावर येतो, हे त्याला ठाऊक झालेलं असतं. लांब उभं राहूनही सगळं दिसतं.

माझ्या नोंदींचं एक काम परवा रात्री उरकलं. ई-बर्डवर (२००२ पासून जगभरातले लोक तिथे नोंदी टाकतात आणि अभ्यासक त्या वापरतात) या तळ्याच्या माझ्या चार हिवाळ्यांच्या याद्या आहेत. त्यात सगळीकडे "पिवळा धोबी". आता मला माहीत आहे की ते सगळे पिवळे धोबी नव्हते. फोटो असलेल्या नोंदी तपासून दुरुस्त केल्या. फोटो नव्हते तिथे नुसतं "धोबी, जात अनिश्चित" केलं. तशी सोय तिथे आहे आणि ती वापरायला कुणीही संकोचू नये. खात्री नसताना नाव लिहिण्यापेक्षा ती नोंद लाखमोलाची. माझ्या यादीतले आकडे त्यामुळे कमी झाले, आणि पहिल्यांदाच ती यादी मला माझी वाटली.

काका म्हणाले, आणखी पंधरा दिवस, फार तर तीन आठवडे. मग धोबी निघतील. परवा निघताना थवा सारखा उठत होता, तळ्यावर एक फेरी मारून पुन्हा चिखलावर बसत होता. पावशा अजून ओरडलेला नाही, तांबटाची मात्र सकाळपासून टुक-टुक चालू आहे. येत्या रविवारी पहाटे साडेपाचला पुन्हा तिथेच. परवा उन्हं वर आल्यावर मी आणि काका चिखलाजवळ बसून एकेका धोब्याची पाठ बघत राहिलो. सव्वा तास लागला. वहीत आता असं आहे: पिवळा धोबी १९, पिवळ्या डोक्याचा ३, अनिश्चित ४.