गुडघा गंजत नाही, आप्पा

गुडघा बदलायच्या ऑपरेशनची जखम पूर्ण वाळली, खपली पडली, सर्जनने 'आता पाण्यात व्यायाम चालेल' असं लिहून दिलं. तो कागद घेऊन मी जळगावातल्या एका जलतरण तलावावर गेलो. तिथल्या व्यवस्थापकाने कागद वाचलाच नाही. माझी काठी पाहिली, पिकलेले केस पाहिले आणि थेट लहान मुलांच्या हौदाकडे बोट दाखवलं. "काका, तिकडे सेफ आहे. ट्यूब देऊ का?" ट्यूबला बदकाचं तोंड होतं. बदकाचा एक डोळा पुसला गेला होता.

हौदात पाणी दोन फूट. त्यात गुडघा भिजतो, एवढंच. कमरेपर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांवरचं वजन साधारण निम्मं होतं, छातीपर्यंत गेलं की जेमतेम एक तृतीयांश उरतं. म्हणजे सत्तर किलोच्या माणसाचा भार गुडघ्याला तेवीस-चोवीस किलोचा वाटतो. शिवाय पाणी जितकं खोल तितका त्याचा दाब जास्त, त्यामुळे घोट्याकडची सूज वरच्या दिशेला सरकते. दोन फुटांत यातलं काहीच होत नाही. वजन सगळं आपलंच, वर शेवाळ फुकट.

हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "पोहता येतं का?" पोहायचं नाही, पाण्यात चालायचंय, म्हटलं. "चालायचंच आहे तर मेहरूणच्या तलावाला चक्कर मारा ना काका!" एवढं बोलून तो उन्हाळी शिबिराच्या पावत्या फाडायला लागला. शेवटी मोठ्या तलावाच्या उथळ बाजूची परवानगी मिळाली, ती मी हसतो म्हणून नव्हे, हटत नाही म्हणून.

उतरायला भिंतीला चिकटलेली उभी स्टीलची शिडी. तोंड भिंतीकडे करायचं, दोन्ही हातांनी दांडे धरायचे, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, चढताना चांगला पाय आधी. कागदावर सोपं आहे. पण चढताना पहिली पायरी इतकी उंच की गुडघा नव्वद अंशांच्या पुढे वाकवावा लागतो, आणि तेवढा वाकावा म्हणूनच तर माणूस इथे आलेला असतो! रुंद पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना कठडा, एवढ्याने भागलं असतं. तलावाच्या कडेला सिमेंटचा डॉल्फिन आहे, त्याच्या तोंडातून कारंजं उडतं. कठडा मात्र बजेटमध्ये बसला नाही.

पाण्यात आप्पा होते. पंचाहत्तरीचे, पाठीवर तरंगत होते. पोट बेटासारखं वर. माझ्या गुडघ्यावरचा उभा व्रण दिसताच ते उलटले आणि जवळ आले.

"काय व्हयनं रे भो?"

"गुडघा बदललाय, आप्पा."

"लोखंडना?"

"धातूचा."

आप्पांनी एकदा गुडघ्याकडे, एकदा पाण्याकडे पाहिलं. "मंग पानीमा काब्रं उतरना? गंजी जाई ना!"

मी समजावलं. मांडीच्या हाडाच्या टोकाला बसवतात ती वाटी बहुतेक कोबाल्ट-क्रोमची, खालची थाळी टायटॅनियमची, मध्ये चिवट प्लास्टिकचा तुकडा. यातलं काही गंजत नाही. आणि मुळात ते कातडीच्या आत आहे, तलावाचं पाणी तिथवर जातच नाही. आप्पांना पटलं नाही. त्यांची विहिरीवरची मोटार टायटॅनियमची नसावी.

मी चालायला सुरुवात केली. आधी टाच, मग चवडा, पाठ ताठ. भिंतीपर्यंत पुढे, तसंच मागे, मग भिंतीला धरून आडवं. आप्पा बरोबर. मग टाचा उचलणं, टाच मागे कुल्ल्याकडे नेणं, पाय सरळ ठेवून पुढे-मागे झुलवणं, भिंतीला धरून अर्धवट खाली बसणं. प्रत्येकी दहा वेळा, सावकाश. पाण्यात वेग दुप्पट केला की विरोध चौपट होतो, म्हणून घाई केली तर सोपा व्यायामही संध्याकाळी सूज देतो.

"हाई काय मुंगीनी चाल? बेडूक मार, बेडूक!" आप्पा गिरणाकाठी विहिरीत पोहायला शिकलेले. बेडूकपाय म्हणजे गुडघे बाहेर फाकवून झटका. नवा सांधा पुढे-मागे वाकायला बनवलेला, पिळाला त्याच्यात फारशी जागा नाही, म्हणून पोहायचंच तर सरळ पायांनी छपछप बरी. आप्पांनी बेडूक मारून दाखवला. सगळं पाणी माझ्या नाकात.

मग उनपदेवचा सल्ला आला. तिथल्या झऱ्याचं गरम पाणी, गुडघा लोण्यासारखा होतो म्हणे. या व्यायामाला पाणी तेहतीस ते पस्तीस अंश हवं. त्याहून फार गरम झालं की सूज वाढते, आणि जानेवारीतल्या जळगावी तलावासारखं गार असलं की स्नायू आखडतात. पण खरी भीती तापमानाची नाही. व्रणातून थेंबभरही काही झिरपत असेल तर देवाचं असो की महापालिकेचं, कुठल्याच पाण्यात उतरायचं नाही. धातूला रक्तपुरवठा नसतो. जंतू तिथे जाऊन बसले तर औषध पोचत नाही आणि कधी कधी नवा सांधाच काढावा लागतो. हे मी जरा चिडूनच सांगितलं.

आप्पा नरमले. "पोटरी दुखस का? तीळना तेलघाई चोळी देऊ?"

हात जोडले. या ऑपरेशननंतर पोटरी दुखली, सुजली, गरम लागली तर ती रक्ताची गाठ असू शकते. चोळायची नाही, व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इस्पितळ.

वीस मिनिटं झाली की बाहेर यायचं. पाण्यात हलकं झालेलं अंग शिडीवर एकदम परत वजनदार होतं आणि नेमका तिथेच तोल जातो. काठी हाताशी लागते. माझी काठी शिबिरातल्या एका पोराने तलवार म्हणून नेली होती. आप्पा ओरडून ती घेऊन आले आणि शेजारी बसले.

"कितला लागनात?"

सांगितलं. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली, तेव्हा साध्या कोबाल्ट-क्रोमच्या गुडघ्याला ५४,७२० रुपये, वर जीएसटी. पण मर्यादा सांध्याला आहे. खोली, ऑपरेशन थिएटर, हातमोजे, 'इतर साहित्य' यांना नाही. बिलात सांधा एका ओळीचा, बाकीची तीन पानं बाकीच्यांची. त्या 'इतर साहित्या'त काय होतं, हे काउंटरवर कुणालाच सांगता आलं नाही.

आप्पांनी स्वतःचा उजवा पाय हळूच लांब केला. गुडघा कटकट वाजला. दोघांनीही ऐकलं.

"मना दोन्ही वाजतस," ते म्हणाले. "एक बदलसू. दुसराले पुढला वरीसले केळीना भाव पाहीसन."