अॅफेलियनचा मेसेज: पृथ्वी नेऊन ठेवली शुक्राच्याही आत

आला परत, तो अॅफेलियनचा (म्हणजे पृथ्वी सूर्यापासून सर्वात लांब असण्याचा) फॉरवर्ड मेसेज! दर जुलैला येतो तसाच. म्हणे, उद्या पहाटे ५:२७ पासून पृथ्वी सूर्यापासून लांब जाणार, एरवी अंतर ९ कोटी किमी असतं ते १५.२ कोटी होणार म्हणजे ६६ टक्के जास्त, २२ ऑगस्टपर्यंत थंडी पडणार, सर्दी-ताप-अंगदुखी होणार, सगळ्यांना पाठवा. यावेळी आमच्या मावशीनेच ग्रुपवर टाकलाय, म्हणून लिहितेय.

आधी ते ९ कोटी. अहो, शुक्र सूर्यापासून १०.८ कोटी किमीवर आहे! म्हणजे एरवी आपण शुक्राच्याही आत फिरत असतो, आणि जुलै आला की एकदम बाहेर उडी मारतो? तसं असतं तर वर्षभर आत्ताच्या जवळजवळ तिप्पट ऊन खाल्लं असतं, मेसेज लिहायला कोणी उरलं नसतं. नासाच्या साइटवर पृथ्वीचा साधा तक्ता आहे, त्यात सरासरी अंतर १४.९६ कोटी, सगळ्यात जवळ १४.७१ आणि सगळ्यात लांब १५.२१ दिलंय. फरक ५० लाख किमी, साडेतीन टक्केही नाही. (९ वरून १५.२ म्हणजे ६९ टक्के होतात, तेही धड जमलेलं नाही.)

आता हे खरं, की जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सर्वात लांब असते, त्यालाच अपसूर्य किंवा अॅफेलियन म्हणतात, आणि जानेवारीपेक्षा ऊन साधारण ७ टक्के कमी मिळतं. बरं मग? सर्वात जवळ आपण जानेवारीच्या सुरुवातीला असतो, आणि तेव्हाच निफाडला द्राक्षबागा वाचवायला शेकोट्या पेटवतात. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस २३.४ अंशांनी कललाय म्हणून. जुलैत गार वाटतं कारण पाऊस आणि ढग, दुसरं काही नाही.

सगळ्यात राग आला तो तापाच्या मुद्द्याचा. मावशीला दोन दिवस ताप, आणि "अॅफेलियनमुळे आहे, जाईल" म्हणून काढा पीत बसलीय. पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया, लेप्टो सगळं असतं, रक्त तपासायचं सोडून ग्रहांवर ढकलायचं का?

२२ ऑगस्टचं तर काय बोलायचं, अपसूर्य हा एक क्षण असतो, त्यानंतर अंतर कमीच व्हायला लागतं. आणि या तथाकथित थंडीतच, जुलैच्या शेवटी, मुंबई-पुण्यात शून्य सावली दिवस येतो, सूर्य भरदुपारी बरोब्बर डोक्यावर. ढग नसले तर बाहेर उभं राहून बघा.