रणगाड्यांची गाडी भुसावळहून गेली म्हणून युद्ध लागत नाही

सीमेवर जरा खुट्ट झालं की खानदेशातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरायला लागतो. रात्रीची वेळ, भुसावळचं यार्ड, सपाट वॅगनींवर ताडपत्रीखाली झाकलेले रणगाडे. खालचा मजकूर थोड्याफार फरकाने तोच असतो: गाडी सीमेकडे निघाली आहे, ताडपत्री आहे म्हणजे मोहीम गुप्त आहे, याआधीही अशी गाडी दिसली आणि लगेच युद्ध झालं, वरणगावच्या दारूगोळा कारखान्यात रात्रपाळी लागली, डोक्यावरून लढाऊ विमानं जाताहेत, तेव्हा किराणा भरून ठेवा.

यातली मेख अशी की व्हिडिओ बहुतेक वेळा खरा असतो. गाडी खरी, रणगाडे खरे, भुसावळही खरं. म्हणूनच त्याखालचा मजकूर लोकांच्या गळी उतरतो.

गाडी सीमेकडे निघाली, या दाव्यापासूनच सुरुवात करू. आधी तिचं तोंड कुठे होतं ते सांगा. भुसावळहून जळगाव, चाळीसगाव, मनमाड असा जाणारा रस्ता पुढे दौंडच्या लाइनीने अहिल्यानगरला, म्हणजे आपल्या नगरला पोहोचतो. चिलखती दलाचं केंद्र आणि प्रशिक्षण शाळा नगरला आहे. मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं, म्हणजे चिलखती वाहनांतून लढणाऱ्या पायदळाचं, रेजिमेंटल सेंटर तिथेच, डीआरडीओची वाहन संशोधन संस्थाही तिथेच, आणि रणगाड्यांच्या गोळीबाराच्या सरावाची के. के. रेंज, म्हणजे खारे कर्जुने, तीही नगरजवळच. पुढे पुण्याला लागून खडकीत लष्कराचं बेस वर्कशॉप आहे. झेलम एक्स्प्रेस पुण्याहून नगर, मनमाड, चाळीसगाव, जळगाव, भुसावळ, खंडवा करत उत्तरेत जाते आणि तिच्यात कायम फौजी दिसतात, तेही याच रस्त्यामुळे. पाऊस संपून जमीन कडक झाली की सराव सुरू होतात आणि या मार्गावर लष्करी गाड्या दिसू लागतात. पाकिस्तानवर चालून निघालेला रणगाडा भुसावळहून मनमाडकडे कशाला जाईल? तो सीमेपासून लांब चाललेला असतो.

यावर कुणी म्हणेल, भाऊ, गाडी खंडव्याकडे गेली तर? तर ती बहुधा परत चालली आहे. सराव संपलेले, दुरुस्त झालेले किंवा ठाणं बदललेल्या रेजिमेंटचे रणगाडे असेच जातात. आपल्या तीन चिलखती डिव्हिजनांची ठाणी पतियाळा, हिस्सार आणि झाशी-बबिना भागात आहेत. चढाई करणाऱ्या तीन कोअरची (कोअर म्हणजे काही डिव्हिजन मिळून झालेलं मोठं दल) मुख्यालयं अंबाला, मथुरा आणि भोपाळला. नकाशा उघडून बघा, हे सगळं भुसावळच्या उत्तरेला आहे. त्यांना पंजाबात किंवा राजस्थानात उतरायचं तर तापी ओलांडण्याची गरजच नाही. सुरतच्या लाइनीने गुजरातकडे, कच्छकडे जाता येतं हे मान्य. पण तिकडेही सराव होतात, तेव्हा नुसती गाडी दिसली म्हणून काहीच ठरत नाही. रावेर-सावद्याहून केळीच्या वॅगनी दिल्लीला निघाल्या म्हणजे दिल्लीत दुष्काळ पडला, असं आपण म्हणत नाही.

आता सगळ्यात जास्त पसरलेलं वाक्य: याआधीही अशी गाडी दिसली आणि युद्ध झालं. हे तपासता येतं, म्हणून इथे थोडं थांबू.

13 डिसेंबर 2001 ला संसदेवर हल्ला झाला आणि पाच दिवसांत ऑपरेशन पराक्रमचा हुकूम निघाला. 1971 नंतरची ती सर्वांत मोठी जमवाजमव. रणगाडे, तोफा, दारूगोळा, सगळं रेल्वेवर चढलं. चढाई करणाऱ्या कोअर आपल्या जागी पोहोचेपर्यंत तीन आठवड्यांच्या आसपास गेले. मग फौज जवळजवळ दहा महिने सीमेवर उभी राहिली आणि ऑक्टोबर 2002 मध्ये माघारीचा निर्णय झाला. युद्ध झालं नाही. रणगाड्यांच्या गाड्यांवरून युद्धाचं भाकीत करणाऱ्याला याहून मोठा पुरावा मिळाला नसता, आणि तरी भाकीत चुकलं असतं.

उलट बाजूही बघा. 26 फेब्रुवारी 2019 ची बालाकोटची कारवाई मिराज 2000 विमानांनी केली. मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूर झालं, 7 ते 10 मे. त्यात क्षेपणास्त्रं होती, विमानं होती, ड्रोन होते, नियंत्रण रेषेवर तोफा धडाडत होत्या. रणगाड्यांची चढाई झालीच नाही. म्हणजे या शतकात जिथे गाड्या भरभरून रणगाडे हलले तिथे लढाई टळली, आणि जिथे लढाई झाली तिथे रणगाड्यांची वाट कुणी बघितली नाही. 1971 ला मात्र महिनोन्महिने रेल्वेने तयारी चालली होती आणि शेवटी युद्ध झालं, हे खरं. त्या एका आठवणीवर हा संदेश पन्नास वर्षं जगतो आहे. पराक्रममध्ये लागलेला वेळ लष्कराला इतका बोचला की नंतरची सगळी आखणी जमवाजमवीचे दिवस कमी करण्याभोवती झाली.

ताडपत्रीचं रहस्य अगदी साधं आहे. रणगाडा बाहेरून लोखंडाचा ठोकळा दिसला तरी आत दुर्बिणी, लेसर, रात्री बघण्याची उपकरणं, वायरींची जाळी असते. हजार-बाराशे किलोमीटर उघड्या वॅगनीवर धूळ आणि पाऊस खात न्यायचा तर झाकतातच. आणि खरोखर गुप्त ठेवायचं असतं, तर देशातल्या सर्वांत गजबजलेल्या जंक्शनांपैकी एकावर तासभर उभं केलं असतं का?

मग रस्त्याने का नेत नाहीत? आपल्या रणगाड्यांपैकी टी-72 चं वजन 41 टनांच्या पुढे, टी-90 चं 46 टनांच्या पुढे, अर्जुनचं 58. टी-72 मध्ये साधारण 1,200 लिटर डिझेल मावतं आणि त्यात तो जेमतेम 450-500 किलोमीटर जातो, म्हणजे किलोमीटरला अडीच लिटर. शिवाय पट्टे झिजतात, इंजिनाचे तास संपतात आणि डांबरी रस्त्याची चाळण होते ती वेगळीच. म्हणून जगभर रणगाडा लांबच्या पल्ल्याला शक्यतो रेल्वेने हलतो. त्यात अडचण अशी की टी-72 ची रुंदी साडेतीन मीटरच्या वर आहे आणि आपला प्रवासी डबा सव्वातीन मीटरचा. डब्यापेक्षा माल रुंद, त्यामुळे अशी गाडी मर्यादेबाहेरचा माल म्हणून वेगाची बंधनं पाळत, जपून काढावी लागते. बुर्ज, म्हणजे रणगाड्याचा वरचा फिरता भाग, आणि तोफ जखडून ठेवतात, कारण वाटेत बुर्ज फिरला तर शेजारच्या रुळावरच्या गाडीचं काय होईल ते सांगायला नको. यार्डात ती रखडते, तिथे इंजिनवाले बदलतात, आणि तेवढ्यात कुणीतरी पुलावरून फोन काढतो. लढाईची निकड असती तर आपल्या पॅसेंजर थांबवून तिला पुढे काढलं असतं.

आणखी एक. व्हिडिओत दिसतं ते प्रत्येक पट्ट्याचं वाहन रणगाडा नसतं. बारीक नळीचं, बुटकं, चौदा टनांचं दिसलं तर ते बीएमपी-2, पायदळाला आत बसवून नेणारं चिलखती वाहन, 30 मिलिमीटरची तोफ असलेलं. मोठं डोकं आणि खूप लांब नळी दिसली तर ती कदाचित के-9 वज्र असेल. ती स्वतः चालणारी 155 मिलिमीटरची तोफ आहे आणि सुरतजवळ हजिऱ्याला बनते. मागून मारा करण्याचं तिचं काम रणगाड्यापेक्षा वेगळं. संदेश लिहिणाऱ्याला हा फरक माहीत नसतो, तरी त्याला लष्कराची पुढची चाल मात्र माहीत असते, याचं मला कौतुक वाटतं.

वरणगावचा मुद्दा दोन ओळींचा आहे. तो कारखाना 1964 पासूनचा, आणि तिथे मुख्यतः रायफलीच्या गोळ्या बनतात. भुसावळचा कारखाना त्याहून जुना, तिथे दारूगोळ्याच्या पेट्या आणि पिनाका रॉकेटचे पॉड, म्हणजे रॉकेट ठेवून डागायचे नळ्यांचे संच, तयार होतात. मागणी आली की पाळ्या वाढतात. सरावालाही लाखांनी गोळ्या लागतात.

विमानांचं म्हणाल तर धुळ्यापासून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरवर ओझर आहे. हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) तिथल्या विमान कारखान्यात 1960 च्या दशकापासून मिग-21, पुढे सुखोई-30 तयार झाली. 17 ऑक्टोबर 2025 ला तिथे तयार झालेल्या तेजस मार्क-1ए या लढाऊ विमानाने पहिलं उड्डाण केलं. हवाई दलाचा दुरुस्ती डेपोही ओझरलाच. नवं किंवा दुरुस्त झालेलं विमान हवाई दलाला देण्याआधी उडवून बघावंच लागतं, आणि ताशी 900 किलोमीटरने निघालेल्या विमानाला धुळं आठ-नऊ मिनिटांवर आहे. 4 जून 2024 ला निफाड तालुक्यात सुखोई कोसळलं तेही ओझरच्या अशाच कामातलं. दोन्ही वैमानिक बाहेर पडून वाचले.

किराण्याबद्दल दुकानदारांना विचारा, त्यांची तक्रार नसणार.

शेवटचा प्रश्न मात्र संदेश पुढे पाठवणाऱ्यांना. गाडी खरंच लढाईला चालली आहे असं तुम्हाला मनापासून वाटत असेल, तर तिचं ठिकाण, वेळ आणि वॅगनींची संख्या तीनशे जणांच्या ग्रुपवर टाकता कशी? 26 एप्रिल 2025 ला माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने लष्करी हालचालींचं थेट प्रक्षेपण करू नका असं सगळ्या माध्यमांना सांगितलं, आणि त्यात समाजमाध्यमं वापरणाऱ्यांनाही जबाबदारीने वागायला सांगितलं होतं.